करंबेळकर चाळीच्या आंब्यावरचं बांडगूळ

कोंडीराम घाडीगावकरांनी चौतीस वर्षं पालिकेच्या उद्यान खात्यात झाडं छाटली आणि तेवढ्या वर्षांत ते तीनदाच पडले. दोनदा झाडावरून आणि एकदा स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभात स्टेजवरून. पहिल्या दोन वेळा नुसतं खरचटलं, तिसऱ्या वेळी डावा गुडघा गेला. माणसाला हार घालून उंचावर उभं करू नये, असं त्यांचं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

आता ते सदुसष्ट वर्षांचे आहेत. डिलाईल रोडवर करंबेळकर चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एकोणीस नंबरच्या खोलीत राहतात. बायको गुणवंती. मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. खोलीच्या समोर गॅलरी, आणि गॅलरीच्या समोर चौकातला आंबा.

हा आंबा कोणी लावलेला नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोणीतरी आंबा चोखून बाठा खाली भिरकावला, तो कचऱ्याच्या कोपऱ्यात रुजला. कोणी भिरकावला यावर चाळीत अजून एकमत नाही. किमान बारा कुटुंबांचं म्हणणं आहे की बाठा आमचा. पंचवीस नंबरच्या आजी तर तो आंबा पायरी होता की रायवळ हेही सांगतात. एखाद्या जिवाचं बापपण इतक्या जणांनी हौसेने अंगावर घेतल्याचं दुसरं उदाहरण त्या वस्तीत नसेल.

कोंडीरामांनी कधी बाठ्यावर हक्क सांगितला नाही. पण त्यांनी परळपासून लालबागपर्यंत हजारो फांद्या उतरवल्या आणि या एका झाडाला गरजेपेक्षा जास्त कोयता लागू दिला नाही. पावसाळ्याआधी वाळकी काटकी काढायची, मुळाशी ओतलेलं भांड्याचं साबणपाणी बघून वरच्या मजल्याकडे तोंड करून शिव्या द्यायच्या, खोडाला मारलेले खिळे उपटायचे. मुलगी लहान असताना तिच्या तापाची त्यांनी जितकी दखल घेतली नाही तितकी या झाडाच्या डिंकाची घेतली, असं गुणवंती म्हणते. ते खोटं नाही.

आणि तरी या झाडावर बांडगूळ वाढलं ते कोंडीरामांमुळेच.

सुरुवात केली ती पाखराने. फुलटोचा म्हणून एक पक्षी आहे, अंगठ्याएवढा. त्याला बांडगुळाची फळं फार आवडतात. फळातला गर तो खातो, पण बी इतकी चिकट असते की मागून बाहेर पडली तरी पिच्छा सोडत नाही. मग तो फांदीवर बसून बूड घासतो, बी फांदीला चिकटते, आणि तो उडून जातो पुढचं फळ खायला. जन्माला येण्याची याहून कमी प्रतिष्ठेची रीत कोंडीरामांना माहीत नव्हती. बीला माती लागत नाही. ती फांदीवरच फुटते, सालीला तोंड लावते आणि आत घुसते. मग तिथे गाठ येते, गाठीतून पानं येतात, आणि सालीवरून सरपटत मुळं पुढे जाऊन परत परत आत डोकं घालतात.

नव्या भरतीच्या पोरांना ते समजावून सांगायचे: "हे आपलं जेवण आपण करतं. पानं हिरवी आहेत, ऊन आहे, चूल घरची. पण पाणी शेजारच्याचं. चाळीत नाही का, एखादा नळाला मोटर लावतो आणि वरच्या खोल्यांत थेंब येत नाही? तस्सं. बांडगुळाच्या पुढची फांदी तहानेने मरते. म्हणून नुसता झुबका ओरबाडायचा नाही. गाठीच्या अलीकडे हातभर निरोगी फांदी धरून कापायची, नाहीतर महिन्यात परत हजर."

नऊ वर्षांपूर्वी चौकातल्या आंब्यावर पहिला झुबका दिसला तेव्हा तो भाजीच्या जुडीएवढा होता. खिशातल्या चाकूने पाच मिनिटांचं काम. कोंडीराम सकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघून म्हणाले, "रविवारी काढतो."

पहिल्या मजल्यावरच्या सीमा पाटकरच्या सासूबाई तेव्हा मोरीत घसरल्या होत्या. मनगट मोडलं होतं. रविवारच्या आधी, मंगळवारी, प्लॅस्टर निघालं, तरी हात दुखतो म्हणून त्यांची रड चालू. त्यांना गावचं आठवलं की हाड मोडलं की आंब्याचं बांडगूळ वाटून लेप लावतात. "कोंडीराम, तुका ठाऊक असात ना रे?" कोंडीरामांना ठाऊक होतं. त्यांच्या गावी, घाटाच्या पायथ्याशी, सगळे तेच लावायचे. त्यांनी चार पानं आणि एक काटकी तोडून दिली. आठ दिवसांत म्हातारीचा हात बरा झाला. सहा आठवडे प्लॅस्टर होतं आणि हाड आपोआपच जुळत आलं होतं, ही गोष्ट कोणी काढली नाही. कोंडीरामांनीही नाही.

मग लोक यायला लागले. कॉटन ग्रीनहून एक बाई टॅक्सी करून आली, सुनेला दिवस जात नव्हते. रे रोडच्या लाकडाच्या वखारीतले दोघे पाठीसाठी आले. शेजारचा राजरत्न, पोस्टातून निवृत्त झालेला, शुगरसाठी आला. चौतीस वर्षं ज्यांना लोक "ए फांदीवाले, आमच्या खिडकीसमोरचं काप ना" म्हणून हाक मारत होते, त्यांना आता "वैद्यमामा" म्हणायला लागले. दारात चपला दिसायला लागल्या. कोंडीराम चष्मा लावून बसायचे आणि समोरच्याला जीभ दाखवायला सांगायचे. जीभ बघून काय कळतं हे त्यांना माहीत नव्हतं. पण डॉक्टर बघतात.

एका बाबतीत मात्र ते पक्के होते. गावी त्यांच्या लहानपणी एकाने बांडगूळ आंब्याचं समजून काजऱ्याचं आणलं आणि उकळून प्यायलं. काजरा म्हणजे विषारी झाड, आणि त्याच्यावरचं बांडगूळ त्याचं विषही शोषून घेतं. माणूस संध्याकाळपर्यंत धनुष्यासारखा वाकून मेला. ते कोंडीरामांनी दाराच्या फटीतून बघितलं होतं. म्हणून कोणी पुडीत बांडगूळ घेऊन आलं की पहिला प्रश्न, "कुठल्या झाडावरचं?" आणि सांगता आलं नाही की पुडी कचऱ्यात. आपलं देतानाही बजावायचे, "फक्त लावायचं. पोटात नाही." राजरत्न तरी काढा करून प्यायचाच, आणि शुगर उतरली म्हणून सांगायचा. त्याच्या बायकोने त्याच महिन्यात त्याची जिलेबी बंद केली होती.

असा तो रविवार नऊ वर्षं आला नाही. एका झुबक्याचे तेवीस झाले. थंडीत त्यांना केशरी नळ्यांसारखी फुलं यायची, शिंजीर पक्षी लटकून मध प्यायचे, गॅलरीतली मंडळी मोबाइलवर फोटो काढून 'आमचा आंबा' म्हणून गावाला पाठवायची. तीन वर्षांत मोहर आला नव्हता, हे फक्त कोंडीराम मोजत होते. आंब्याची स्वतःची पानं गळत चालली होती. पण खालून मान वर केली की झाड हिरवंगार.

जानेवारीत, वारा नाही, पाऊस नाही, भर दुपारी एक फांदी मोडली आणि चाळीचे सेक्रेटरी रमाकांत नाईकधुरे यांच्या स्कूटरवर पडली. सीटवर रमाकांत नव्हते, हे नशीब. पाच मिनिटांपूर्वी होते.

रमाकांतनी अर्ज केला. झाड धोकादायक आहे, काढून टाकावं. आठवड्याने चौकात कागद लागला: शुक्रवारी सकाळी अकरा वाजता उद्यान खात्याच्या अधिकारी पाहणीला येतील. झाड मेलेलं निघालं तर जाईल, जगतं निघालं तर राहील.

गुरुवारी राजरत्न गॅलरीत येऊन बसला. "कोंड्या, टेन्शन घेऊ नको. बाई येणार, वर बघणार, हिरवं दिसणार, लिहिणार आणि जाणार. तू फक्त गप्प बस."

"ते हिरवं आंब्याचं नाहीये."

"मग कोणाचं, माझ्या सासऱ्याचं? तिला कोण सांगतंय? तूच सांगायला गेलास तरच."

"नाही सांगितलं तर दोन वर्षांत सगळंच मरेल. मग फांदी नाही, खोड येईल खाली."

"दोन वर्षांनी बघू. दोन वर्षांनी आपण तरी कुठे असू?"

हे बोलणं आतून गुणवंती ऐकत होती. ती दारात आली. "तुम्ही खंय असतलात माका माहीत नाय. खाली पोरां क्रिकेट खेळतत, ती असतली."

कोंडीरामांना त्या रात्री जेवण गेलं नाही. बांगड्याचं तिखलं होतं, तरी.

शुक्रवारी अधिकारी आल्या त्या तिशीतल्या, पायात बूट, खांद्याला पिशवी, गळ्यात दुर्बीण. नाव मेघना ढोबळे. अर्धी चाळ गॅलरीत आणि अर्धी चौकात. राजरत्नने सगळ्यांना पढवून ठेवलं होतं.

"फळ धरतं का?" बाईंनी विचारलं.

"दरवर्षी!" चौक एका आवाजात म्हणाला.

"शेवटचं कधी?"

इथे एकमत फुटलं. कोणी गेल्या वर्षी म्हणालं, कोणी त्याच्या आदल्या. पंचवीस नंबरच्या आजींनी गिरणी चालू असतानाचं एक वर्ष सांगितलं.

रमाकांत म्हणाले, "मॅडम, हे लोक काहीपण सांगतील. मी पाच मिनिटं उशिरा उठलो असतो ना, तर आज माझा फोटो भिंतीवर असता."

"फोटो चांगला असता," राजरत्न म्हणाला. चौक हसला. मेघना ढोबळे हसल्या नाहीत. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावायला घेतली आणि मध्येच थांबून विचारलं, "इथे आमच्या खात्यातले कोणी राहतात ना? घाडीगावकर? ऑफिसात अजून नाव निघतं त्यांचं."

सगळ्यांनी कोंडीरामांकडे बघितलं.

"काका, तुम्ही रोज बघता. तुमच्या अनुभवाने सांगा, कसं आहे झाड?"

नाव निघतं, हे ऐकून कोंडीरामांच्या छातीत काहीतरी फुललं, आणि हेच ते, नऊ वर्षं हेच चाललंय, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांना स्वतःची चीड आली. ते म्हणाले, "मॅडम, वर जे हिरवं दिसतं, त्यातलं बारा आणे आंब्याचं नाही. बांडगूळ आहे. तेवीस झुबके."

राजरत्नने कपाळावर हात मारला.

सीमा पाटकर पहिल्या मजल्यावरून ओरडली, "काय? मामा, मी पाडव्याला कलशात याच झाडाची पानं ठेवली! भावाच्या वास्तुशांतीला विरारला नेली!"

"कुठल्या फांदीची?"

"ती काय, गॅलरीतून हाताला येते ती!"

"मग बांडगूळच ठेवलंस."

"आणि मला कोणी बोललं नाही? भटजी पण नाही बोलले!"

"भटजी पानं बघत नाहीत, घड्याळ बघतात," कोणीतरी म्हणालं. मग एकेकाला आठवायला लागलं. कोणाचं तोरण, कोणाचा सत्यनारायण. चाळीच्या पूजेला स्वतः रमाकांतनी त्याच फांदीची पानं तोडली होती. तीन वर्षं अख्खी करंबेळकर चाळ मंगलकार्याला बांडगुळाची पानं लावत होती. कोणाचं काही वाईट झालं नव्हतं, पण आता प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं.

मेघना ढोबळेंनी हात वर करून गलका थांबवला. "काका, तुम्ही खात्यातले. मग वाढू कसं दिलंत?"

हा प्रश्न येणार हे कोंडीरामांना माहीत होतं. औषधाचं सांगता आलं असतं. गुडघ्याचं सांगता आलं असतं. ते म्हणाले, "लोक विचारायला यायचे. मला आवडायचं."

सीमाच्या सासूबाईंनी आपलं मनगट उगाच पदराखाली घेतलं.

"म्हणजे मेलं ना झाड?" रमाकांत म्हणाले, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

"ते अजून कोणाला माहीत नाही," कोंडीराम म्हणाले. "साल खरवडून बघावं लागेल." आणि त्यांनी रंगाऱ्याची शिडी, जी जिन्याखाली कायम पडलेली असते, ती ओढली.

"काका, नाही! खालून करू आपण काहीतरी. तुम्हाला काही झालं तर मी काय उत्तर देऊ?"

"तुम्ही दोन मिनिटं तिकडे बघा."

ते चढले. डावा पाय प्रत्येक पायरीवर एकदा विचार करायचा, मग यायचा. कंबरेला जुना दोर, पाठीला कोयता, दोन्ही त्याच जिन्याखालून काढलेले. रमाकांत धावत येऊन शिडी धरून उभे राहिले. का धरली हे त्यांनाही कळलं नसावं.

दुसऱ्या मजल्यावरून गुणवंतीचा आवाज आला. "ओ! ह्या वयात झाडार चढाक तुमका कोणी सांगितल्यान? खाली उतरा आधी!"

"उतरतो गो, दोन फांद्या बघून."

"त्या बघतास, आणि तुमका कोण बघतलो?"

ते पहिल्या बेचक्यात पोचले तेव्हा त्यांची आणि तिची नजर एका उंचीवर आली, मध्ये दहा-बारा फूट हवा. ती कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होती, जणू झाडावर तीच आहे. कोंडीरामांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. चाकू काढून पहिल्या फांदीची साल नखाएवढी खरवडली. आत तपकिरी, कोरडं.

"मेली!" ते ओरडले.

दुसरी. "ही पण मेली!"

चौकात हळहळ झाली. रमाकांत वर बघत होते, तोंड उघडं.

तिसऱ्या फांदीवर सालीखाली हिरवं निघालं, ओलं, चाकूच्या पात्याला लागणारं. "जिवंत!" आणि चौकाने टाळ्या वाजवल्या. मग तर निवडणुकीचे निकाल लागावेत तसं झालं. चौथी मेली, हूऽऽ. पाचवी जिवंत, शिट्ट्या. पोरांनी पाटीवर खडूने मांडायला घेतलं. मुख्य खोड तीन ठिकाणी खरवडलं, तिन्ही ठिकाणी हिरवं. शेवटी नऊपैकी पाच फांद्या जिवंत निघाल्या, आणि जिच्यावर सीमाचा कलश अवलंबून होता ती मेलेल्यांत.

हाताला येणारे चार झुबके त्यांनी कापले, गाठीच्या अलीकडे हातभर धरून, शिकवायचे तसेच. एका झुबक्यावर पिवळसर सुरवंटांचा घोळका होता. त्यांचं पुढे हळदीकुंकू नावाचं देखणं फुलपाखरू होतं, आणि ते याच पानांवर अंडी घालतं. कोंडीराम थांबले. मग कोयता चालवला. "माफ करा," ते सुरवंटांना म्हणाले, "तुमचा अर्ज आला नव्हता."

खाली मेघना ढोबळे रमाकांतना सांगत होत्या, "बांडगूळ काही शत्रू नाही हो. जंगलात त्याच्यावर किती पाखरं जगतात. पण तिथे झाडं शेकड्याने असतात. इथे एकटा आंबा, त्याने किती जणांना पाजायचं?"

झुबके जमिनीवर पडले तसे चार-पाच बायका आणि राजरत्न पिशव्या घेऊन पुढे सरसावले. सीमाची सासू सर्वांत आधी पोचली.

"ठेवा ते खाली!" कोंडीराम वरून म्हणाले. "कचऱ्याच्या गाडीत घाला."

"अरे, पण औषध आसा ना ते? माझो हात..."

"काकी, तुमचा हात प्लॅस्टरने बरा झाला. मला माहीत होतं. राजा, तुझी शुगर जिलेबीने चढते आणि ती बंद केली की उतरते. गावी लोक वापरतात, कशाकशाला उपयोगी असेलही, पण मला त्यातलं काही कळत नाही. मी फांद्या कापणारा माणूस. उद्यापासून दारात चपला नकोत."

राजरत्नने हातातली पिशवी घडी घालून खिशात ठेवली. "भोसडीच्या," तो हळूच म्हणाला, त्यात मित्राला द्यायची तेवढीच शिवी होती. "नऊ वर्षं कडू पाजलंस."

"मी लावायला दिलं होतं. प्यायलास तू."

मेघना ढोबळेंनी लिहिलं. मेलेल्या चार फांद्या आणि उरलेली बांडगुळं खात्याची माणसं पुढच्या आठवड्यात काढतील. झाड सध्या राहील. दिवाळीनंतर पुन्हा पाहणी. तोपर्यंत नवी पालवी आली नाही तर रमाकांत नाईकधुरेंचा अर्ज मंजूर. आणि फांद्यांवर नवीन बी रुजलेली नाही ना हे दर महिन्याला जवळून बघायला एक जबाबदार माणूस हवा, त्याचं नाव आणि सही.

"घाडीगावकरांचं लिहा," रमाकांत म्हणाले. "उद्या डोक्यात काही पडलं तर शिव्या कोणाला द्यायच्या हे तरी ठरेल."

"काका, खाली या, सही करा."

कोंडीरामांनी डावा पाय खाली सोडायचा प्रयत्न केला. गुडघा धरला होता. त्यांनी परत प्रयत्न केला, आणि मग बेचक्यात बसून राहिले. "मॅडम, तुम्हाला घाई आहे का?"

"पुढची पाहणी बारा वाजता आहे, कॉटन ग्रीनला."

शेवटी रमाकांत कागद दातात धरून शिडी चढले, आयुष्यात पहिल्यांदा. राजरत्नने शिडी धरली आणि खालून त्यांच्या पँटीच्या शिवणीबद्दल सूचना केल्या. कोंडीरामांनी कागद खोडाला टेकवून सही केली. सालीमुळे घाडीगावकरमधला घा दोनदा आला.

"दिवाळीपर्यंत फुटेल ना हो?" रमाकांतनी हळू आवाजात विचारलं. इतक्या जवळून त्यांनी झाड कधी बघितलं नव्हतं.

"माहीत नाही," कोंडीराम म्हणाले.

गुणवंती समोरच होती. "काय लिवलास ता? कसली सही?"

"दर महिन्याला एकदा वर चढून बघायचं."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग वळून आत गेली आणि दार धाडकन लावलं. मग दार बंद असलं की हे उतरतात की नाही ते दिसत नाही, म्हणून परत उघडलं.